१३ पैकी १३ जिंकले तरी बाहेर? कॉलेज फुटबॉलचं हे 'स्ट्रेंथ ऑफ शेड्यूल' प्रकरण कोणी समजावेल का

नाईटशिफ्ट_ऐरोली

मंडळी प्रश्न अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा आहे, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावतात तो, मेस्सीवाला नाही. ज्यांना इंटरेस्ट नाही त्यांनी दुसरा धागा बघा, इथे येऊन शिव्या नका घालू.

झालंय असं की आमचा क्लायंट अमेरिकेतला, तिकडचा एक साहेब फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत शिकलेला, आणि कॉल इन्व्हॉइसचा असो नाहीतर सर्व्हर बसल्याचा, शेवटची पाच मिनिटं २०२३ च्या नावाने रडण्यात जातात. ऐकून ऐकून मी पण बघायला लागलो, तिकडे शनिवारी दुपारी बाराची मॅच म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊ, थंडीत साडेदहा, जेवून निवांत बसता येतं.

तर २०२३ ला फ्लोरिडा स्टेट १३ पैकी १३ मॅच जिंकली. आपल्या कॉन्फरन्सची (म्हणजे कॉलेजांचा गट), एसीसीची, चॅम्पियन. पहिल्याच मॅचला एलएसयूला ४५-२४ धुतलं, क्लेमसनला क्लेमसनमध्ये जाऊन हरवलं. तेव्हा प्लेऑफला, म्हणजे चॅम्पियन ठरवायच्या शेवटच्या नॉकआउटला, चारच टीम घ्यायचे. घेतल्या कोण, मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास आणि अलाबामा. यातल्या शेवटच्या दोन एकेक मॅच हरलेल्या! आता मला सांगा जी टीम हरलीच नाही तिला कुठल्या तोंडाने सांगणार की बाई तू कमी पडलीस? म्हणे शेड्यूल सोपं होतं आणि क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा मुख्य खेळाडू) जखमी होता. अरे पण शेड्यूल काय त्या पोरांनी बनवलं? आणि ते किती कठीण किती सोपं हे मोजतं कोण, काही फॉर्म्युला आहे का टीम निवडणाऱ्या कमिटीवाल्यांच्या मनाला येईल तसं? आता बारा टीम केल्यात म्हणतात, मग घोळ मिटला का? ज्याला माहीत आहे त्याने जरा सविस्तर सांगा, नेटवर बघावं तर जो तो आपल्याच कॉलेजची तळी उचलतोय.

पंच_परळचा

सांगतो, पण लांबेल.

आधी हा प्रश्न येतोच का ते बघ. सगळ्यात वरच्या लेव्हलला १३६ टीम आहेत (२०२५ ला होत्या तेवढ्या) आणि प्रत्येकीला मॅच फक्त १२. आयपीएलला दहा टीम आणि १४ मॅच, तरी तिथेही सगळे सगळ्यांशी दोनदा खेळत नाहीतच, पण निदान एकदा तरी प्रत्येकाशी गाठ पडते. इथे १३५ पैकी १२ जणांचंच तोंड बघायला मिळतं. त्यातल्या आठ-नऊ मॅच आपल्याच कॉन्फरन्समध्ये, आणि कॉन्फरन्स पण इतक्या सुजल्यात (बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये १८ टीम आहेत, हसू नको) की तिथेसुद्धा अर्ध्या जणांची भेट होत नाही. उरलेल्या तीन-चार मॅच कॉलेज स्वतः ठरवतं, त्यातल्या मोठ्या मॅच कित्येक वर्षं आधी ठरलेल्या असतात, म्हणजे करार झाला तेव्हा समोरची टीम भारी होती आणि मॅचच्या वर्षी तिचं दिवाळं निघालेलं असतं किंवा उलटं. आणि एखाद-दुसरी मॅच लिंबूटिंबूबरोबर. मोठी कॉलेजं छोट्यांना दहा दहा लाख डॉलर आणि वर पण मोजतात, या आमच्या घरी, मार खा, चेक घेऊन जा. कधी कधी पाहुणाच यजमानाला चोपतो, २००७ ला ॲपलाचियन स्टेटने मिशिगनला त्यांच्या लाखभर माणसांसमोर ३४-३२ हरवलं, पण ते सोड.

आता मोजणी. १९९८ ते २०१३ बीसीएस म्हणून सिस्टिम होती, दोनच टीम डायरेक्ट फायनल खेळायच्या. त्यात सुरुवातीला शेड्यूलचा वेगळा मार्क होता आणि हिशोब सरळ: तुझ्या प्रतिस्पर्ध्यांनी किती टक्के मॅच जिंकल्या याला दोन तृतीयांश वजन, आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी किती जिंकल्या याला एक तृतीयांश. ऐकायला बरोबर वाटतं. पण सरासरीत मोठी गोची आहे आणि हीच गोष्ट टीव्हीवर बसलेले अर्धे लोक लक्षात घेत नाहीत.

उदाहरण देतो, आकडे माझे आहेत, समजण्यापुरते. टीम 'अ' च्या बाराही मॅच मधल्या फळीतल्या टीमशी, सगळ्या ६-६ वाल्या (सहा जिंकल्या, सहा हरल्या). टीम 'ब' च्या सहा मॅच तगड्यांशी, ज्या जवळजवळ हरत नाहीत, आणि सहा मॅच तळातल्यांशी, ज्या जवळजवळ जिंकत नाहीत. सरासरी दोघींची सारखीच, ५० टक्के. जुन्या फॉर्म्युल्याने दोघींचं शेड्यूल सारखंच कठीण. आता समज दोघी पण टॉपच्या टीम आहेत. मधल्यांशी जिंकायचा चान्स ९० टक्के, तगड्यांशी ५०, तळातल्यांशी १००. 'अ' साधारण १०.८ मॅच जिंकेल, 'ब' ९. बारापैकी बारा जिंकायचा चान्स 'अ' ला २८ टक्के आणि 'ब' ला दीड टक्का! कागदावर सेम टू सेम शेड्यूल, आणि एकीला न हरता बाहेर पडणं तीन-चार सीझनला एकदा जमेल, दुसरीला जन्मात एकदा.

म्हणून हल्ली शहाणी माणसं प्रश्नच उलटा विचारतात. शेड्यूल किती कठीण हे नको, हे शेड्यूल एखाद्या बऱ्यापैकी टॉप टीमला दिलं असतं तर तिने असा रेकॉर्ड केला असता का, किती टक्के शक्यता. त्याला स्ट्रेंथ ऑफ रेकॉर्ड म्हणतात. २०२५ च्या सीझनपासून कमिटीने पण असलाच एक आकडा जोडला आणि शेड्यूलच्या आकड्यात तगड्यांविरुद्धच्या मॅचना जास्त वजन दिलं. पण आकडा म्हणजे निर्णय नाही. टेक्सासला ग्रेपवाइन म्हणून गाव आहे तिथल्या हॉटेलात १३ लोकांची कमिटी बसते, आकडे समोर ठेवून शेवटी मतदानच करते. ज्याच्या कॉलेजचा विषय निघाला तो खोलीच्या बाहेर जाऊन बसतो. तेवढं बरं.

खडूस_दादर

एवढं गणित कशाला. फ्लोरिडा स्टेटला घेतलं नाही आणि पुढच्याच मॅचला, 'ऑरेंज बोल' नावाच्या सीझननंतरच्या खास मॅचला, जॉर्जियाने ६३-३ हाणलं. साठ पॉइंटने. कमिटी बरोबर होती, विषय संपला.

पंच_परळचा

विषय सुरू पण नाही झाला. त्या मॅचला फ्लोरिडा स्टेटची अर्धी फर्स्ट टीम खेळलीच नाही, प्लेऑफ नाही म्हटल्यावर एनएफएलला (तिकडची प्रोफेशनल लीग) जाणाऱ्यांनी सरळ अंग काढून घेतलं. त्या स्कोअरवरून कमिटी बरोबर कशी ठरते? आणि तुझाच नियम लावायचा तर आदल्या वर्षी टीसीयूला फायनलला त्याच जॉर्जियाने ६५-७ मारलं, मग टीसीयूला पण घ्यायला नको होतं म्हण. पण तिने सेमीफायनलला मिशिगनला हरवलं होतं. निकाल लागल्यावर पेपर तपासत बसलास तर कोणालाही मूर्ख ठरवता येईल.

सीए_मॅडम_पार्ले

मी मुख्यतः क्रिकेटवाली, पण हा विषय आला की मला वाटतं अमेरिकन लोकांना आपल्या वर्ल्ड टेस्ट चॅम्पियनशिपचं टेबल एकदा प्रेमाने समजावावं. नऊ टीम, प्रत्येकीच्या सहा सिरीज, तीन घरी तीन बाहेर, आणि कोणाशी खेळायचं ते बोर्ड आपापसात ठरवणार. म्हणजे आठ प्रतिस्पर्ध्यांपैकी दोन वगळायची सोय आहेच. २०२३-२५ ला साउथ आफ्रिका ६९.४४ टक्क्यांनी पहिली आली आणि त्या चक्रात ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड दोघांशी एकही टेस्ट नाही. वर न्यूझीलंडला तर घरी टी-ट्वेंटी लीग चालू म्हणून जवळजवळ बी टीम पाठवली होती आणि ती २-० हरली सुद्धा, तरी पहिल्या. तेव्हा किती बोंब मारली लोकांनी, सोपा पेपर मिळाला म्हणून. मग जून २०२५ ला लॉर्ड्सवर त्याच साउथ आफ्रिकेने ऑस्ट्रेलियाला पाच विकेटने हरवलं.

पण माझा मुद्दा 'बघा, लायक होते' हा नाहीये, पंच म्हणतात तसं निकालावरून मागे जाऊ नये. माझा मुद्दा असा की तिथे सोपं असो कठीण असो, नियम आधीपासून माहीत होता. टक्केवारीत पहिले दोन. कुणी खोलीत बसून म्हणालं नाही की आफ्रिकेचा अमुक बॉलर जखमी आहे सबब इंडियाला घेऊ या, त्यांचे टीव्हीवर बघणारे जास्त आहेत. आपण घरी न्यूझीलंडकडून ०-३ हरलो, शेवटची टेस्ट तर वानखेडेवर २५ रनने, समोर बसून बघितली आहे मी, आणि बाहेर गेलो. रडलो पण फसवलं असं नाही वाटलं. फ्लोरिडा स्टेटवाल्यांना नेमकं हेच वाटतं ना, की फसवलं. कारण त्यांना सीझनच्या सुरुवातीला कोणी सांगितलं नव्हतं की सगळ्या जिंकलात तरी चालणार नाही.

आणि त्या क्वार्टरबॅकचं, जॉर्डन ट्रॅव्हिस, त्याला दुखापत कुठल्या मॅचला झाली माहीत आहे? नोव्हेंबरमध्ये नॉर्थ अलाबामाविरुद्ध, म्हणजे खालच्या डिव्हिजनची टीम, पंचांच्या भाषेत लिंबूटिंबू. त्यानंतर दुसऱ्या क्वार्टरबॅकवर फ्लोरिडाला २४-१५ हरवलं, तो पण जायबंदी झाला तर तिसऱ्या नंबरच्या, पहिल्या वर्षाच्या पोराला घेऊन लुईव्हिलला १६-६ हरवून कॉन्फरन्स जिंकली. मला विचाराल तर हा रेकॉर्ड अजून भारी आहे. कमिटीने ते उलटं वाचलं, की आता ही टीम कमजोर झाली. नियमात 'महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नाही' हे बघायची मुभा होती हे खरं, पण मुभा आहे म्हणून ती वापरायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

खरं भांडण शेड्यूलचं नाहीच मुळी. 'सगळ्यात चांगली टीम कोण' आणि 'सगळ्यात जास्त कमावलं कोणी' हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि कमिटी सोयीने कधी हा विचारते कधी तो. ऑडिटमध्ये असं केलं असतं तर आमचं लायसन्स गेलं असतं.

खडूस_दादर

मॅडम तुमच्याशी वाद घालायची हिंमत नाही पण एक सांगतो. मुंबईत वाढलेल्याला शेड्यूल काय असतं हे शिकवायला लागत नाही. कांगा लीगला खालच्या डिव्हिजनला सेंच्युरी मारून आलेल्याला ए डिव्हिजनवाले विचारतात तरी का, कोणाविरुद्ध मारलीस तेच पहिलं विचारतात. २०१८-१९ ची रणजी आठवा, नऊ नवीन टीम आल्या, सगळ्या प्लेट ग्रुपमध्ये. सिक्कीमकडून मिलिंद कुमारने १३३१ रन काढले, बिहारच्या आशुतोष अमनने ६८ विकेट काढून बेदींचा ६४ चा जुना रेकॉर्ड मोडला. आकडे खरेच आहेत. पण त्या वर्षी कुठल्या सिलेक्टरने त्यांना उचलून इंडियात टाकलं? (मिलिंद पुढे अमेरिकेकडून खेळला, हे या धाग्याला अगदी फिट्ट बसतं.) तसंच एसीसी आणि एसईसी (अलाबामा, जॉर्जियावाली कॉन्फरन्स) यांचं. दर शनिवारी एसईसीमध्ये ज्या धडका बसतात त्या बाकीच्यांना बसत नाहीत. ९-३ वाली एसईसी टीम ही दुसरीकडच्या ११-१ च्या बरोबरीची आहे, हे डोळ्याला दिसतं, फॉर्म्युला लागत नाही.

पंच_परळचा

हे 'डोळ्याला दिसतं' तिथेच खरी मेख आहे. एसईसी तगडी कशावरून, तर तिच्यातल्या टीम रँकिंगला वर आहेत. वर का आहेत, तर तगड्या एसईसीमध्ये खेळतात. एक एसईसी टीम दुसरीकडून हरली तर 'बघा किती कठीण लीग', जिंकली तर 'बघा किती भारी टीम'. दोन्हीकडून आपलंच. हे चक्र फक्त बाहेरच्यांशी खेळूनच तुटतं आणि त्या मॅच आहेत किती, मोजून तीन-चार, त्यातही लिंबूटिंबू. शिवाय २०२५ पर्यंत एसईसी कॉन्फरन्समध्ये आठच मॅच खेळायची, बिग टेन नऊ. तो एक एक्स्ट्रा शनिवार नोव्हेंबरमध्ये छोट्या टीमला बोलावून आराम करायला वापरायचे. आता २०२६ पासून नऊ करतायत, म्हणजे स्वतःलाच कळलं असणार.

आणि २०१७ ची सेंट्रल फ्लोरिडा आठवते का, यूसीएफ? छोट्या कॉन्फरन्सची, एकही मॅच हरली नाही, कमिटीने बाराव्या नंबरला ठेवली. मग 'पीच बोल' या मॅचला ऑबर्नशी गाठ घातली. ऑबर्न म्हणजे त्याच सीझनला अलाबामा आणि जॉर्जिया दोघांना हरवलेली टीम, आणि फायनल खेळले कोण तर तेच अलाबामा आणि जॉर्जिया. यूसीएफने ऑबर्नला ३४-२७ मारलं. १३-०. मग त्यांनी काय केलं, स्वतःच स्वतःला नॅशनल चॅम्पियन घोषित केलं आणि डिस्ने वर्ल्डमध्ये मिरवणूक काढली. लोक हसले, मला तरी ते एकदम योग्य वाटलं. तुम्ही दरवाजाच उघडणार नसाल तर माणूस अंगणातच मांडव घालणार.

नाईटशिफ्ट_ऐरोली

भारी चाललंय, पण माझा शेवटचा प्रश्न राहिलाच. बारा टीम झाल्यावर हे सगळं मिटायला पाहिजे होतं ना? तेराव्या नंबरवाल्याने रडलं तर कोण ऐकणार.

ठाणे_फास्ट

रडणारे बदलले, रडणं तेच. २०२४ पासून बघतोय मी, सांगतो.

२०२४ ला बारा टीम. पाच जागा कॉन्फरन्स चॅम्पियनना राखीव (सगळ्यांना नाही, रँकिंगमध्ये वरच्या पाच चॅम्पियनना), बाकी सात कमिटीच्या मर्जीवर. आणि वरच्या चार चॅम्पियनना पहिल्या राउंडला सुट्टी. त्यामुळे झालं काय, बॉइझी स्टेट कमिटीच्या रँकिंगला नववी होती ती तिसरी सीड (प्लेऑफमधला मानाचा नंबर) झाली आणि ॲरिझोना स्टेट बारावी ती चौथी. सुट्टी मिळालेल्या चारही टीम आपली पहिलीच मॅच हरल्या, ऑरेगन तर तोपर्यंत १३-० होती, तिच्यासमोर ओहायो स्टेट आली आणि ४१-२१. मग २०२५ ला ते काढलं आणि सीडिंग सरळ रँकिंगप्रमाणे केलं.

त्या वर्षीचं मुख्य भांडण म्हणजे इंडियाना ११-१ आणि एसएमयू ११-२ आत, अलाबामा ९-३ बाहेर. खडूस दादांसारखे लोक तेव्हा टीव्हीवर घसा फोडून सांगत होते की इंडियानाने कोणाला हरवलंय? एकच तगडी टीम समोर आली, ओहायो स्टेट, तिने ३८-१५ धुतलं. पण अलाबामा हरली कोणाकडून तर व्हँडरबिल्टकडून, आणि ओक्लाहोमाने २४-३ मारलं, ओक्लाहोमा त्या वर्षी काही फार भारी नव्हती. कठीण शेड्यूलचा फायदा तेव्हा मागा जेव्हा तुम्ही कठीण मॅच हरलाय, सोप्या हरून कसला मागताय. मग पहिल्या राउंडला इंडियाना नोत्र दामकडून हरली, एसएमयू ३८-१० हरली, की परत 'बघा सांगितलं होतं'.

आणि आता मजा ऐका. पुढच्या वर्षी, २०२५ ला, त्याच इंडियानाने बाहेरच्या तीन मॅच लावल्या कोणाशी, ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट आणि इंडियाना स्टेट. म्हणजे परत लिंबूटिंबू. लोक परत बोंबलले. मग ऑरेगनला ऑरेगनमध्ये जाऊन हरवलं, ओहायो स्टेटला कॉन्फरन्स फायनलला १३-१०, प्लेऑफला अलाबामाला ३८-३ (हो, तीच अलाबामा), आणि जानेवारी २०२६ ला मायामीला २७-२१ हरवून चॅम्पियन. १६-०. आता बोला. सोपं शेड्यूल लावणारी टीम खराबच असते असं कुठे लिहिलंय, शेड्यूल सोपं असलं की फक्त आपल्याला कळत नाही ती किती चांगली आहे, एवढंच. दोन्हीत फरक आहे.

सीए_मॅडम_पार्ले

हे शेवटचं वाक्य सोन्याचं. माहिती कमी असणं आणि माहिती वाईट असणं.

पण ठाणे, तू २०२५ चा तो नोत्र दामचा तमाशा सांगितलाच नाहीस.

ठाणे_फास्ट

येतोय. नोत्र दाम कुठल्याच कॉन्फरन्समध्ये नाही, स्वतंत्र संस्थान आहे, आपापलं शेड्यूल लावतात. १०-२. दोन्ही हार पहिल्या दोन मॅचमध्ये, मायामीकडून २७-२४ आणि टेक्सास ए अँड एमकडून ४१-४०, म्हणजे मिळून चार पॉइंट. नंतर दहा सलग जिंकले. शेवटच्या आठवड्याच्या आधी रँकिंगला नोत्र दाम दहावी, बीवाययू अकरावी, मायामी बारावी. शेवटच्या आठवड्यात नोत्र दामची मॅच नाही, मायामीची पण नाही, दोघी घरी बसल्या. बीवाययू तेवढी आपली फायनल ३४-७ हरली. आणि रविवारी यादी आली तर मायामी दहावी आणि आत, नोत्र दाम अकरावी आणि बाहेर! कारण काय दिलं, तर मधली बीवाययू खाली घसरल्यावर या दोघी शेजारी शेजारी आल्या, आणि शेजारी आल्यावर आपसातली मॅच बघितली, ती मायामीने ऑगस्टमध्ये जिंकली होती. म्हणजे ती मॅच इतके महिने झालेलीच होती, पण मध्ये कोणीतरी उभा होता म्हणून यांना दिसली नाही. नोत्र दामवाले इतके चिडले की त्यांनी बोल गेमच नको म्हणून सांगितलं.

माझ्या मते मायामीला घेणं बरोबरच होतं, समोरासमोर हरवलंय तर हरवलंय. पण मग पहिल्यापासून वर ठेवायचं होतं ना, दर मंगळवारी टीव्हीवर रँकिंगचा तमाशा करायचा आणि शेवटच्या दिवशी चष्मा घालायचा, हे काय. (ती दहाव्या सीडची मायामी थेट फायनलपर्यंत गेली आणि फायनल नेमकी त्यांच्याच घरच्या स्टेडियममध्ये होती, हे वेगळंच.)

खडूस_दादर

आणि त्याच वर्षी ट्युलेन आणि जेम्स मॅडिसन आत घेतल्या ते? एसीसी ८-५ वाल्या ड्यूकने जिंकली म्हणून तिचा चॅम्पियन रँकिंगला खाली गेला आणि छोट्यांना दोन जागा गेल्या. ट्युलेन ४१-१० हरली, जेम्स मॅडिसन ५१-३४. आपल्याकडे पण असंच कौतुक करून २०२२ ला प्लेटच्या नागालँडला रणजीच्या प्रीक्वार्टरला घातलं होतं, झारखंडने ८८० रन केले आणि मॅच संपली तेव्हा १००८ रनने पुढे होते. अशा मॅच बघायला कोणाला मजा येते सांगा.

सीए_मॅडम_पार्ले

नागालँडला. नागालँडला मजा येते. आणि मोठ्यांच्या मॅच काय रंगतदार होतात का, २०२४ ला टेनेसी ओहायो स्टेटकडून ४२-१७ हरली तेव्हा कोणी म्हणालं नाही की एसईसीची जागा कमी करा. छोट्या कॉन्फरन्सची टीम हरली की तिच्या सगळ्या जातीचा निकाल लागतो, मोठी हरली की त्या दिवशी वारं उलटं होतं.

बोर्ड_नंबर_चार

मी बुद्धिबळवाला, इकडे पहिल्यांदाच लिहितोय. आमच्याकडे शे-दीडशे खेळाडू आणि नऊ-दहा राउंड असतात, तुमच्या १३६ आणि १२ सारखंच, पण आमचं भांडण इतकं होत नाही कारण स्विस पद्धत. जिंकत गेलात की पुढच्या राउंडला आपोआप जिंकणाऱ्यांशीच गाठ पडते, शेड्यूल आधी ठरत नाही. सगळे राउंड तसे करा म्हणत नाही मी, पण बारापैकी एक मॅच मोकळी ठेवा, नोव्हेंबरच्या मध्याला, आणि तेव्हाच्या रँकिंगप्रमाणे वेगवेगळ्या कॉन्फरन्सच्या बरोबरीच्या टीमची जोडी लावा. ती पंचांनी सांगितलेली बाहेरच्या मॅचची कमतरता एका झटक्यात कमी होईल. एकाच शनिवारी.

पंच_परळचा

आयडिया चांगली आहे आणि कॉलेज बास्केटबॉलला झालेली पण आहे, ईएसपीएन चॅनलचं ब्रॅकेटबस्टर्स म्हणून होतं २००३ ते २०१३, मधल्या फळीतल्या टीमसाठी फेब्रुवारीत अशा जोड्या लावायचे. पण बास्केटबॉलला आठवड्यात दोन दोन मॅच होतात आणि टीम केवढी, पंधरा पोरं. फुटबॉलला शंभरावर खेळाडू, कोच, सामान, बँड, सगळी वरात. तीन आठवड्यांत ठरवून न्यायची म्हणजे वाट लागेल.

ठाणे_फास्ट

तीन आठवडे? तीन दिवसात झालंय ते. डिसेंबर २०२०, कोविडचं वर्ष. कोस्टल कॅरोलायना ९-०, तिची शनिवारची मॅच लिबर्टीशी, लिबर्टीने कोविडमुळे अंग काढलं. बीवाययू पण ९-०, देशाच्या दुसऱ्या टोकाला युटाहमध्ये. गुरुवारी मॅच ठरली, शनिवारी खेळले. कोस्टल २२-१७, बीवाययूचा माणूस शेवटच्या प्लेला गोल लाइनच्या एक यार्ड अलीकडे अडवला. त्या सीझनची माझ्या हिशोबाने सगळ्यात भारी मॅच. आणि दोन न हरलेल्या टीमपैकी कोण भारी हे कुठल्याही कमिटीपेक्षा जास्त कळलं.

पंच_परळचा

ते जमलं कारण स्टेडियम जवळपास रिकामं ठेवायला लागत होतं. मिशिगनच्या स्टेडियमला १,०७,६०१ माणसं बसतात, सीझनची तिकिटं आधीच विकलेली, त्यांना सांगशील का की सातवी होम मॅच घरी होईल का नाही ते नोव्हेंबरमध्ये कळवतो? एका होम मॅचवर कॉलेजचं किती उत्पन्न असतं, आणि त्यावर आख्ख्या गावाची हॉटेलं चालतात. कोच एक वेळ हो म्हणेल, अकाउंट्सवाला नाही म्हणणार.

बोर्ड_नंबर_चार

मग त्या मॅचचा घरचा मान आलटून पालटून द्या, यंदा एका कॉन्फरन्सकडे पुढच्या वर्षी दुसरीकडे, म्हणजे कुठल्या वर्षी घरी आहे एवढं आधी कळेल, समोर कोण हे फक्त नोव्हेंबरला. तिकीट तर समोर कोण न बघताच विकलं जातं ना? लिंबूटिंबूच्या मॅचचं विकलं जातं तर याचं का नाही जाणार.